फेल-टू-बॅन टाकलं आणि मागच्या दाराने फायरवॉलडी आत आला

खटपट्या (धागाकर्ता) · रविवार, रात्री ११.१२

मंडळी, हा धागा अर्धा प्रश्न आहे आणि अर्धं रडगाणं. कमांडा इथल्या शिरस्त्याप्रमाणे देवनागरीतच लिहितोय, टर्मिनलमध्ये कशा टाकायच्या ते तुम्हाला कळतंच.

एका ओळखीच्या ग्रंथालयाचा सर्व्हर मी सांभाळतो. भाड्याचा छोटा व्हीपीएस (मोठ्या यंत्रातला आभासी सर्व्हर), अल्मालिनक्स ८ (रेड हॅटच्या आरएचईएल ८ शी जुळणारं मोफत लिनक्स). पुस्तकांची यादी आणि सभासदांची वर्गणी, एवढंच काम. फायरवॉल म्हणजे माझी आयपीटेबल्सची (कुठलं पोर्ट उघडं, कुठलं बंद हे नियम घालणारी कमांड) अकरा ओळींची फाइल, सेंटओएस ६ च्या जमान्यापासून मशीन बदलत बदलत सोबत आलेली. आयपीटेबल्स-सर्व्हिसेस हे पॅकेज टाकायचं, फाइल जागेवर ठेवायची, सेवा चालू करायची, विषय संपला. एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन करायचा दरवाजा, नेहमीच्या २२ पोर्टवर नाही, २२२२ वर.

मध्यंतरी लॉग चाळताना दिसलं की कोणीतरी दिवसभर पासवर्डांचा मारा करतंय. म्हणून एपेलमधून (जादा पॅकेजांचं भांडार) फेल-टू-बॅन टाकलं, म्हणजे लॉगमध्ये असा मारा दिसला की त्या पत्त्याला बंदी घालणारा राखणदार. डीएनएफने (पॅकेज बसवणारी-काढणारी कमांड) भलीमोठी यादी दाखवली, मी सवयीने न वाचता ‘वाय’ दाबलं. सेवा चालू, स्टेटस हिरवं, मी खूश. नऊ दिवस काही झालं नाही.

काल कर्नल अपडेट आला म्हणून रीबूट केलं आणि गेलं की सगळं. साइट बंद, एसएसएच बंद. गंमत म्हणजे पिंगला उत्तर येत होतं, पण एसएसएच म्हणत होतं ‘नो रूट टू होस्ट’. रस्ताच नाही म्हणे! अर्धा तास मी होस्टिंगवाल्याच्या नेटवर्कला शिव्या घातल्या. शेवटी ब्राउझरमधल्या कन्सोलवरून आत शिरलो. तिथे पेस्ट चालत नाही आणि माझा रूट पासवर्ड २८ अक्षरी, तीनदा चुकला. आत बघतो तर आयपीटेबल्सची सेवा ‘इनॅक्टिव्ह’, आणि फायरवॉलडी नावाचे गृहस्थ (दुसरीच एक फायरवॉल सेवा) ऐटीत ‘ॲक्टिव्ह, रनिंग’. मी यांना कधी बोलावलंच नव्हतं.

रागारागाने ‘डीएनएफ रिमूव्ह फायरवॉलडी’, परत वाय, आयपीटेबल्स स्टार्ट. साइट आली, मी झोपलो. आज सकाळी बघतो तर फेल-टू-बॅनसुद्धा मशीनवरून गायब.

आता मला सांगा: एसएसएचच्या राखणदाराने फायरवॉलडीला का आणलं? आणला तर आणला, नऊ दिवस गप्प बसून रीबूटलाच का उठला? आणि दोघांत जिंकला तो कसा? माझी सेवा तर आधीपासून ‘इनेबल्ड’, म्हणजे बूटला आपोआप सुरू होणारी, होती.

---

मिसळ_बिनतर्री · रविवार, रात्री ११.३१

दुसरा वायसुद्धा न वाचता? साष्टांग दंडवत _/\_

---

सर्व्हरअण्णा · सोमवार, सकाळी ७.०५

खटपट्या, तिन्ही प्रश्नांची उत्तरं मशीनवरच लिहिलेली असतात, फक्त तीन वेगवेगळ्या कपाटांत.

पहिलं कपाट पॅकेजचं. एपेलमधलं ‘फेल-टू-बॅन’ हे पॅकेज म्हणजे रिकामा डबा आहे. त्यात स्वतःचं काही नाही, फक्त तीन चिठ्ठ्या: फेल-टू-बॅन-सर्व्हर हवं, फेल-टू-बॅन-सेंडमेल हवं, फेल-टू-बॅन-फायरवॉलडी हवं. खरं काम करणारं एकटं ‘सर्व्हर’. तिसरी चिठ्ठी फायरवॉलडीला ओढून आणते. पॅकेज बांधणाऱ्यांचं यात चुकलं असं मी म्हणणार नाही. रेड हॅटच्या घराण्यात २०१४ च्या आरएचईएल ७ पासून फायरवॉलडीच मुख्य आहे, त्यांनी तेच गृहीत धरलं. पण व्हीपीएसच्या आणि क्लाउडच्या इमेजमध्ये बऱ्याचदा तो नसतो, त्यामुळे तुझ्यासारख्याच्या घरी तो नव्याने येतो.

फायरवॉलडीही एकटा येत नाही. तो पायथनमध्ये लिहिलेला आहे, इतरांशी बोलतो डी-बसवरून (प्रोग्रामांची आपसातली निरोपवाहिनी). म्हणजे पायथनची डी-बस लायब्ररी, पायथनची एनएफटेबल्स लायब्ररी, आयपीसेट, शिवाय आयपीटेबल्स. तू पाहिलेली ‘भलीमोठी यादी’ म्हणजे हे वऱ्हाड.

दुसरं कपाट सिस्टमडीच्या (सगळ्या सेवा सुरू-बंद करणारा व्यवस्थापक) प्रीसेटचं. नवीन पॅकेज बसलं की त्याची सेवा आपोआप इनेबल करायची की नाही, हे डिस्ट्रोची प्रीसेट फाइल ठरवते. तिथे फायरवॉलडीपुढे लिहिलंय ‘इनेबल’. मात्र इनेबल म्हणजे स्टार्ट नव्हे. म्हणून नऊ दिवस शांतता.

तिसरं कपाट युनिट फाइलचं, म्हणजे त्या त्या सेवेच्या वर्णनाचं. ‘सिस्टमसीटीएल कॅट फायरवॉलडी’ करून बघ (आता काढून टाकलास म्हणा). त्यात ‘कॉन्फ्लिक्ट्स’ची ओळ आहे, पुढे आयपीटेबल्स, आयपी६टेबल्स, ईबीटेबल्स, आयपीसेट यांच्या सेवांची नावं. बूट होताना दोघंही रांगेत उभे, दोघंही ‘असले तर बरे’ या दर्जाचे, कोणीच सक्तीचं नाही. अशा वेळी सिस्टमडीचा नियम त्याच्या मॅन पानावर (मदतपुस्तिकेत) स्पष्ट दिलाय: ज्याच्या फाइलमध्ये कॉन्फ्लिक्ट्स लिहिलंय तो सुरू होतो, ज्याचं नाव त्यात आहे तो थांबतो. भांडण फायरवॉलडीने जाहीर केलंय, म्हणून तोच जिंकतो. तू किती वर्षं आधीपासून इनेबल्ड होतास याला काडीची किंमत नाही.

पुढचं सोपं आहे. फायरवॉलडीचा मुळातला झोन (नियमांचा गट) ‘पब्लिक’. त्यात एसएसएच म्हणजे २२ उघडं, आरएचईएल ८ वर कॉकपिटही (ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायचं साधन), पण २२२२, किंवा साइटचे ८०, ४४३ काही नाही. पिंग चालतो. बाकी सगळं तो गुपचूप टाकून देत नाही, ‘प्रशासनाने मनाई केली’ असं आयसीएमपी (नेटवर्कच्या निरोपांचा प्रोटोकॉल) उत्तर पाठवून नाकारतो, आणि एसएसएच क्लायंट त्याचंच भाषांतर ‘नो रूट टू होस्ट’ असं करतो. पिंग येतोय आणि एसएसएच हे म्हणतंय अशी जोडी दिसली की आधी त्या मशीनच्या फायरवॉलकडे बघायचं. होस्टिंगवाल्याची माफी मागून टाक.

---

रुईफूल · सोमवार, सकाळी ९.४०

अण्णा, वाखुसा (वाचनखूण साठवली). मॅन पानाचा नियम मला माहीत नव्हता, मी आजवर ‘जो आधी उठेल तो’ असं समजत होते.

काढतानाचं राहिलं, ते मी सांगते. फायरवॉलडी काढायला सांगितल्यावर डीएनएफने दोन मथळे दाखवले असणार: ‘याच्यावर अवलंबून असलेली पॅकेजं’ आणि ‘आता कोणालाच नको असलेली पॅकेजं’. पहिल्याखाली फेल-टू-बॅन-फायरवॉलडी आणि तो रिकामा डबा. डबा गेला की ‘सर्व्हर’ अनाथ, कारण तो तू नावाने मागितला नव्हतास, डब्यातून आला होता. म्हणून दुसऱ्या मथळ्याखाली तोही साफ. आधी ‘डीएनएफ मार्क इन्स्टॉल फेल-टू-बॅन-सर्व्हर’ केलं असतं तर तो टिकला असता. तुझी जेल-लोकल फाइल (फेल-टू-बॅनची तुझी सेटिंगं) मात्र असेल, ती कुठल्या पॅकेजची नसते.

खटपट्या, एक विचारू? ते नऊ दिवस फेल-टू-बॅन नक्की काही अडवत होतं का? लॉग असेल तर बघ.

---

खटपट्या · सोमवार, दुपारी १.२२

रुईफूल ताई, बघितलं. न बघितलं असतं तर बरं झालं असतं.

लॉगमध्ये दर दोन-चार मिनिटांनी ‘बॅन’, पुढे आयपी पत्ता, आणि त्याच्याखाली लगेच लाल ओळ: ‘फायरवॉलडी इज नॉट रनिंग’. पाठोपाठ तोच पत्ता पुन्हा हजर, ‘ऑलरेडी बॅन्ड’. म्हणजे राखणदार वहीत चोरांची नावं लिहून घेत होता आणि दार सताड उघडं!

हे कसं काय?

---

रुईफूल · सोमवार, दुपारी २.०५

वाटलंच. ते फेल-टू-बॅन-फायरवॉलडी नावाचं पॅकेज आहे ना, त्यात मुख्य अशी एकच छोटी फाइल असते, जेल-डी फोल्डरमध्ये ‘००-फायरवॉलडी’ नावाची. ती सांगते की बंदी घालायची ती फायरवॉल-सीएमडीमार्फत, म्हणजे फायरवॉलडीला हुकूम देणाऱ्या कमांडमार्फत. तुझा फायरवॉलडी झोपलेला, म्हणजे निरोप्या दारावरूनच परत. फेल-टू-बॅन स्वतः काहीच अडवत नाही. ते लॉग वाचतं आणि दुसऱ्या कोणाला तरी सांगतं. त्या दुसऱ्याचं नाव चुकलं की सगळं मुसळ केरात.

आणि दुखण्यावर डाग देते: जेलमध्ये (एका सेवेपुरत्या बंदीच्या नियमांत) पोर्ट काय आहे? ‘एसएसएच’ असा शब्द असेल तर त्याचा अर्थ २२. तुझा दरवाजा २२२२ चा. फायरवॉलडी चालू असता तरी बंदी भलत्याच दाराला लागली असती.

---

खटपट्या · सोमवार, दुपारी २.११

…पोर्ट ‘एसएसएच’च आहे.

चहा प्यायला जातो.

---

तिरकामठा · सोमवार, दुपारी ४.५०

माझा मुद्दा जरा निराळा. तुम्ही सगळे ‘फायरवॉल’ असं ज्याला म्हणताय त्यातला एकही फायरवॉल नाही. खरी फायरवॉल कर्नलमध्ये, नेटफिल्टर. बाकी सगळे तिच्या दारातले कारकून. कर्नल २.२ ला आयपीचेन्स होता, २००१ च्या २.४ पासून आयपीटेबल्स, आणि जानेवारी २०१४ च्या ३.१३ मध्ये एनएफटेबल्स शिरला. फायरवॉलडी आणि उबुंटूतला यूएफडब्ल्यू हे कारकुनांचे कारकून. फेल-टू-बॅन त्यांच्याही खालचा शिपाई.

अडचण अशी की कारकून बदलला तरी पाटी जुनीच राहिली. खटपट्या, तुझ्या मशीनवर ‘आयपीटेबल्स हायफन मोठा व्ही’ कर. कंसात ‘एनएफ-टेबल्स’ दिसेल. आरएचईएल ८ आणि डेबियन १० दोन्ही २०१९ चे, तेव्हापासून आयपीटेबल्स नावाची कमांड आतून एनएफटेबल्सचेच नियम लिहिते. तुझी अकरा ओळींची फाइल आयपीटेबल्सच्या जुन्या इंजिनावर चालते असं तुला वाटत असेल, तर ते इंजिन कधीच उतरवलंय.

याचा एक परिणाम लोकांना फार उशिरा कळतो, म्हणून सविस्तर लिहितो. आरएचईएल ७ वर फायरवॉलडी आणि हाताने लिहिलेले आयपीटेबल्सचे नियम एकाच टेबलात बसायचे. फायरवॉलडी चालू असतानाही कोणी ‘आयपीटेबल्स इन्सर्ट, पोर्ट ८०८०, ॲक्सेप्ट’ असं वर खोचलं की ते चालून जायचं. गैर होतं, पण चालायचं. ८ पासून फायरवॉलडीचं स्वतःचं वेगळं टेबल असतं. ‘एनएफटी लिस्ट रूलसेट’ केलं की ‘आयनेट फायरवॉलडी’ नावाने दिसतं. एकाच हुकवर (पॅकेटच्या वाटेवरचा टप्पा) दोन टेबलांच्या चेन (नियमांच्या माळा), ज्याचा प्राधान्यक्रमाचा आकडा लहान ती आधी. तुमचं खोचलेलं ॲक्सेप्ट आधी येतं, पॅकेट पास होतं, पण पास फक्त त्या चेनपुरता! मग तेच पॅकेट फायरवॉलडीच्या चेनपुढे उभं राहतं आणि तिथे नाकारलं जातं. एनएफटेबल्समध्ये ‘ॲक्सेप्ट’ म्हणजे ‘माझ्याकडून हरकत नाही’, आणि ‘ड्रॉप’ म्हणजे विषय कायमचा संपला. सोसायटीत नळजोडणीला सेक्रेटरीने सही दिली तरी पालिकेची लागतेच, नकार मात्र कोणा एकाचा पुरतो.

आमच्याकडे यावर दोन जणांचा एक अख्खा दिवस गेला. एकजण आयपीटेबल्सची यादी दाखवून म्हणे ‘हे बघ, पोर्ट उघडं आहे’, दुसरा टेलनेट करून म्हणे ‘बंद आहे’. दोघंही खरं बोलत होते.

---

नवखा_नितळ · सोमवार, संध्या. ६.१५

बाळबोध प्रश्न. फायरवॉलडी जर आता एनएफटेबल्सवर चालतो तर त्याला आयपीटेबल्सचं पॅकेज अजून का लागतं? अण्णांच्या यादीत ते आहे.

---

सर्व्हरअण्णा · सोमवार, संध्या. ६.४८

बाळबोध नाही, चांगला प्रश्न आहे. फायरवॉलडीत ‘डायरेक्ट’ नावाची एक खिडकी आहे, जिथून कच्चे आयपीटेबल्सचे नियम जसेच्या तसे देता येतात. बॅकएंड एनएफटेबल्स असला तरी ते नियम आयपीटेबल्सकडेच जातात. जुन्या लोकांनी त्या खिडकीतून इतकं सामान आत टाकून ठेवलंय की ती लगेच बंद करता आली नाही. १.० आवृत्तीपासून ‘हे वापरणं सोडा’ असं सांगितलेलं आहे. आरएचईएल ९ मध्ये तर आयपीटेबल्सची ती मुखवट्याची आवृत्ती आणि आयपीसेट हे दोन्हीही ‘मावळतीचे’ म्हणून जाहीर झालेत.

म्हणूनच खटपट्याला माझा सल्ला: आलाच आहे तर फायरवॉलडीलाच ठेव. अकरा ओळींचं भाषांतर करायला वीस मिनिटं लागतील.

---

देशस्थ_उबुंटू · सोमवार, रात्री ९.३०

तुमच्या त्या घराण्यातली भांडणं वाचून करमणूक झाली. पण आमच्याकडेही सगळं आलबेल नाही.

उबुंटूत २००८ च्या ८.०४ पासून यूएफडब्ल्यू. तोही पायथन, पण सतत चालणारी सेवा नाही. हाक मारली की आयपीटेबल्सच्या कमांडा चालवतो आणि बाजूला होतो. त्यामुळे आयपीटेबल्स हे पॅकेज त्याची सक्तीची गरज. इथवर ठीक. पण २४.०४ वर एका मुलाने जुनं ट्यूटोरियल बघून ‘आयपीटेबल्स-पर्सिस्टंट’ टाकलं, आणि ॲप्टने (उबुंटूचं डीएनएफ) यूएफडब्ल्यू काढून टाकला. नव्या यूएफडब्ल्यूच्या पॅकेजातच लिहिलंय की पर्सिस्टंटसोबत माझं जमत नाही. दोघांनीही बूटला नियम भरायचे म्हणजे एकाने दुसऱ्याचे पुसायचे, म्हणून हा निर्णय बरोबरच आहे. पण तो मुलगा ‘यूएफडब्ल्यू स्टेटस’ला ‘कमांड नॉट फाउंड’ बघून अवाक.

खरा दगा डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) देतो. आम्ही एका चाचणीच्या मशीनवर डेटाबेस डॉकरमध्ये चढवला, पोर्ट बाहेर काढलं. यूएफडब्ल्यूचं स्टेटस म्हणे सगळं ‘डिनाय’, फक्त २२ आणि ४४३ उघडे. पण घरच्या वायफायवरून डेटाबेसला सरळ लॉगिन होत होतं! कारण डॉकर यूएफडब्ल्यूला विचारतच नाही. तो नॅटच्या टेबलात पॅकेटचा पत्ताच बदलतो, मग ते इनपुटच्या वाटेला न जाता फॉरवर्डच्या वाटेने कंटेनरमध्ये जातं, आणि आपण यूएफडब्ल्यूत लिहिलेले नियम इनपुटवर पहारा देत बसलेले. उपाय एका ओळीचा: पोर्ट काढताना पुढे १२७.०.०.१ लिहायचं. बाहेरून हवंच असेल पण मोजक्यांनाच, तर ‘डॉकर-यूझर’ ही चेन त्यासाठीच ठेवलेली आहे, तिथे नियम लिहायचे.

---

तिरकामठा · सोमवार, रात्री ९.५२

+१. आणि उलट बाजूनेही: आयपीटेबल्सची सेवा रीस्टार्ट केली की डॉकरचे नियम धुऊन निघतात, कंटेनर चालू पण नेटवर्क मेलेलं. मग डॉकर रीस्टार्ट. फायरवॉलडी असेल तर त्याच्या रीलोडची हाक डॉकर डी-बसवर ऐकतो आणि आपले नियम पुन्हा घालतो. पॉडमनचं (डॉकरसारखंच साधन) तसं नाही, तिथे ‘पॉडमन नेटवर्क रीलोड’ हाताने करा.

---

खिडकीवाला · सोमवार, रात्री १०.२०

अवांतर: विंडोज सर्व्हरवाल्यांनीही हात धुऊन घ्यावेत. तिथे फायरवॉलची सेवा ‘बेस फिल्टरिंग इंजिन’वर टेकलेली असते, आणि त्याच इंजिनावर आयपीसेकही (नेटवर्कची वाहतूक कूटबद्ध करणारं). काहीजण फायरवॉल नको म्हणून सेवाच बंद करतात. मायक्रोसॉफ्ट तसं करायला नाही म्हणतं. बंद करायची तर प्रोफाइल बंद करा, सेवा चालू ठेवा.

---

मिसळ_बिनतर्री · सोमवार, रात्री १०.४१

हे सगळं पुराण कशाला? होस्टिंगवाल्याच्या पॅनेलमध्ये फायरवॉल असते, तिथे तीन पोर्ट उघडा आणि मशीनवरचं सगळं काढून टाका.

---

रुईफूल · सोमवार, रात्री ११.०३

पॅनेलची फायरवॉल बाहेरच्या फाटकावर असते. एकाच खासगी नेटवर्कमधल्या शेजारच्या मशीनला ती अडवेलच असं नाही. आणि फेल-टू-बॅनने बंदी कोणाला सांगायची मग? पॅनेलला? दोन्ही ठेवा.

---

खटपट्या · मंगळवार, रात्री १०.१५

सर्वांचे आभार. अण्णा, रागावू नका, फायरवॉलडी आत्ता घेतला नाही. अल्मालिनक्स ९ वर जाईन तेव्हा घेणारच आहे, पण ग्रंथालयाची वर्गणी जमा व्हायचा आठवडा आहे, आत्ता नवीन काही नको.

आज केलं ते असं. ‘डीएनएफ इन्स्टॉल फेल-टू-बॅन-सर्व्हर’, डबा नाही, नुसतं सर्व्हर. यादी या वेळी वरपासून खालपर्यंत वाचली. फायरवॉलडी हे नाव कुठेही नव्हतं. जेल-लोकलमध्ये बॅनॲक्शन (बंदी कोणामार्फत घालायची ते) आयपीटेबल्स-मल्टिपोर्ट, पोर्ट २२२२. मग ‘सिस्टमसीटीएल मास्क फायरवॉलडी’, म्हणजे तो सुरूच होऊ नये. तो म्हणाला असं युनिटच नाही, तरी पुढे जातो. म्हटलं जा. डीएनएफच्या कॉन्फिगमध्येही त्याचं नाव वगळण्याच्या यादीत घातलं, म्हणजे परत कोणी मागच्या दाराने आणायला गेलं तर डीएनएफ तिथेच अडेल.

तपासायला मोबाइलच्या डेटावरून मुद्दाम पाचदा चुकीचा पासवर्ड दिला. सहाव्यांदा ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. आयपीटेबल्सच्या यादीत ‘एफ२बी-एसएसएचडी’ नावाची चेन, त्यात माझ्याच मोबाइलचा आयपी. इतका आनंद झाला की बायकोला उठवून दाखवलं. ती म्हणाली, “स्वतःलाच बाहेर काढलंस? बरं.”

---

सर्व्हरअण्णा · बुधवार, सकाळी ६.५०

रागावलो नाही. दोन गोष्टी मात्र लिहून ठेव. आयपीटेबल्सची सेवा रीस्टार्ट केलीस की फेल-टू-बॅनची ती चेन पुसली जाते, म्हणून पाठोपाठ त्यालाही रीस्टार्ट दे. आणि ९ वर जाशील तेव्हा रीबूटच्या *आधी* ‘फायरवॉल-ऑफलाइन-सीएमडी’ने २२२२, ८० आणि ४४३ उघडून ठेव. सेवा बंद असतानाही ती कमांड चालते, त्यासाठीच बनवलीय. शिवाय पहिल्या वेळी ‘ॲट’ला (ठरल्या वेळी काम करणारी कमांड) सांगून ठेव की दहा मिनिटांनी फायरवॉलडी थांबव, आत शिरता आलं तर ते काम रद्द कर, नाही आलं तर चहा घे आणि दहा मिनिटं थांब.

रीबूट केलंस का नंतर?

---

खटपट्या · बुधवार, रात्री ११.३८

आत्ताच केलं. कन्सोलचा टॅब आधी उघडून ठेवला, आणि पासवर्ड बदलून १४ अक्षरी केला. पाऊण मिनिटात २२२२ वर प्रॉम्प्ट आला. आयपीटेबल्स ॲक्टिव्ह, फेल-टू-बॅन ॲक्टिव्ह, फायरवॉलडी ‘मास्क्ड’. काल रात्रीपासून सात जणांना बंदी, त्यातला एकही मी नाही.